रंगवलेलं पान म्हणजे पाठ झालेलं पान नव्हे

दहावीच्या समाजशास्त्राचा अभ्यास कसा करावा यावरच्या एका लेखात महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवून पुन्हा पुन्हा वाचायला सांगितलंय. माझ्या मुलीने सहामाहीला नेमकं तेच केलं. पुस्तकाची होळी-रंगपंचमी झाली आणि पेपरात ‘कारणे लिहा’पाशी पेन अडलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं हो, पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

मग आम्ही एकच बदल केला: धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तीन दिवसांनी परत तेच. पहिले दोन आठवडे चिडचिड झाली (तिची कमी, माझीच जास्त).

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून शिकवलेत, त्याचा फायदा घ्या. ईशान्य ब्राझीलमध्ये पाऊस कमी का, हे घोकण्यापेक्षा सह्याद्रीच्या पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव तालुके कोरडे का, ते आधी मुलांना विचारा. पर्जन्यछाया (डोंगर पावसाचे वारे अडवतो, म्हणून त्याच्या आडोशाला पाऊस कमी) एकदा कळली की दोन्ही उत्तरं सुटतात. नकाशा मात्र रोज हाताने काढायचा, नुसता बघून काही होत नाही.

राज्यशास्त्रातही तसंच. मतदानाचं वय २१ वरून १८ वर १९८९ मध्ये आलं, हे तिला आजीमुळे लक्षात राहिलं. आजीने स्वतःचं पहिलं मतदान कितव्या वर्षी केलं ते सांगितलं, बस्स.

लेखी पेपर इतिहास-राज्यशास्त्राचा ४० आणि भूगोलाचा ४० गुणांचा. ‘शेवटच्या आठवड्यात उरकू’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.