भाता कोण ओढायचं?

मुलीकडे अमेरिकेत रिचमंडला दोन महिने होतो. "बाबा, तासाभरावर विल्यम्सबर्ग आहे, अठराव्या शतकातलं गाव तसंच्या तसं ठेवलंय," असं ती म्हणाली तेव्हा मी मनात नाक मुरडलं. केसांचे टोप घातलेली माणसं, घोडागाडी आणि फोटो, आणखी काय असणार! तिकिटाचा आकडा रुपयांत करून बघितला आणि पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवलं. (रस्त्यांवर नुसतं फिरायला तिकीट लागत नाही, आतल्या इमारती बघायला लागतं. कोणी जाणार असाल तर म्हणून सांगतोय.)

१६९९ ते १७८० ही व्हर्जिनियाची राजधानी. ती रिचमंडला हलली आणि गाव मागे पडलं. १९२६ पासून रॉकफेलर या धनाढ्य घराण्याच्या पैशातून ते पुन्हा उभं केलं. काही इमारती मूळच्या, बऱ्याचशा जुन्या पायांवर नव्याने बांधलेल्या. गव्हर्नरचा वाडा बघितला, ठीक आहे. भिंतीभर बंदुका मांडून ठेवल्यात.

मी अडकलो तो लोहाराच्या भट्टीपाशी. आमचे आजोबा लोहार. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या कोळशाचा तो वास आला आणि पाय हलेनात. पंचविशीतला एक मुलगा लालभडक सळई ऐरणीवर धरून खिळा करत होता. टोक काढलं, सळई तोडली, डोकं ठोकलं, पाण्यात टाकला, चर्र. अंगात जुने कपडे, पण तो अठराव्या शतकातला असल्याचं सोंग काही करत नव्हता. साध्या आजच्या भाषेत बोलत होता. या गावात काही वर्षं उमेदवारी करून ते हा धंदा शिकतात आणि इथल्या बांधकामाला लागणारं लोखंडी सामान इथेच घडवतात. म्हणजे देखावा नाही, काम.

छताजवळ चामड्याचा मोठा भाता, दांडा ओढला की श्वास घेणारा. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "त्या काळी हा कोण ओढायचं?"

हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, अँडरसन नावाच्या लोहाराच्या या कारखान्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, युद्धकैदी होते आणि गुलामही होते. गावातली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांची होती, आणि त्यातले बहुतेक सगळे गुलाम. न अडखळता सांगितलं.

असं उघड सांगणं काही पहिल्यापासून नव्हतं. काळ्या लोकांचं एक जुनं चर्च इथे होतं, १७७६ साली सुरू झालेल्या मंडळीचं. त्याची इमारत १९५० च्या दशकात हे गाव चालवणाऱ्या संस्थेनेच पाडून पुढे तिथे गाड्या लावायची जागा केली. २०२० मध्ये तीच जागा खणायला घेतली तेव्हा खाली जुन्या चर्चचा पाया आणि साठावर कबरी सापडल्या. १९९४ साली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात उभा केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. करमणूक करताय का आमच्या दुःखाची, असा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. पण ज्या बाईने तो प्रयोग उभा केला ती स्वतः काळी होती आणि विकल्या जाणाऱ्यांत ती स्वतः उभी राहिली होती. नाटक कोण करतंय, यावर बरंच अवलंबून असतं.

आता आपल्याकडे. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटचं गाव आहे, मला ते मनापासून आवडतं. नातवंडांना घेऊन तीनदा गेलोय. सगळे बलुतेदार आहेत, लोहारसुद्धा, आणि हाताच्या शिरा अशा काढल्यात की आजोबाच आठवावेत. पण त्याला काही विचारता येत नाही. आणि किल्ल्यांवरच्या सोहळ्यांत विचारायला माणसं असतात, पण त्यांच्या हातातल्या तलवारी भाड्याच्या. मावळ्याच्या वेशातल्या एका पोराला मी विचारलं होतं, दांडपट्ट्याचं पातं कसं घडवतात रे? तो म्हणाला, "काका, सेल्फी घ्यायचाय का?"

पोराचा दोष नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही. शिकवणारे मात्र आहेत अजून. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोके पडतातच ना? अशा दोन-चार कारागिरांना पगार देऊन गडाच्या पायथ्याशी बसवा, हाताखाली दोन पोरं द्या. फेटे कमी बांधले तरी चालतील.

आजोबांचा भाता आजी ओढायची. पहाटेपासून, कडेवरचं पोर मांडीवर घेऊन. खळ्यावर बलुतं मिळायचं ते लोहाराला. तिचं नाव त्यात कधी नव्हतं, आणि मलाही ते व्हर्जिनियातल्या त्या मुलाशी बोलेपर्यंत खटकलं नव्हतं.

रात्री गावी चुलतभावाला फोन लावला. त्याचं आता वेल्डिंगचं दुकान आहे. विचारलं, आपला भाता कुठाय रे?

"माळ्यावर असंल. चामडं उंदरांनी खाल्लंय. का?"