सोबत कोण आलंय?

आधीच सांगते, पोस्ट लांब आहे. ओसीडी (नकोसे विचार डोक्यातून न जाणं आणि त्यापायी तेच तेच करत राहणं, असा मानसिक आजार) आणि मरणाचे विचार, दोन्हींबद्दल आहे. आज मन थाऱ्यावर नसेल तर वाचत बसू नका, सरळ १४४१६ लावा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलता येतं.

आता मुद्दा. मानसिक आजाराबद्दल कुठेही वाचा, पहिला सल्ला ठरलेला: "घरच्यांशी मोकळेपणाने बोला." आणि घरचे ऐकूनच घेत नसतील तर? त्याचं उत्तर कुणी देत नाही. मग माझ्यासारखे कितीतरी जण वर्षानुवर्षं घरच्यांना पटवण्याच्या कामाला जुंपलेले राहतात. त्यांना पटलं की डॉक्टर, मग औषध. माझं मत विचाराल तर आधी उपचार सुरू करावेत. घरच्यांना पटायचं तेव्हा पटेल, नाही पटलं तर नाही.

सोलापुरात राहून धुण्याचा ओसीडी असणं म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या व्हिडिओत सापडणार नाही. उजनी भरो न भरो, आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी अख्खी गल्ली जागी. मोटर, पाइप, टिपाड, घागरी, अगदी स्वयंपाकाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आणि आमच्या घरात मी. टिपाड काठाला आलं की डोक्यात यायचं, पाइपचं तोंड मघाशी मोरीला टेकलं होतं का? टेकलं नव्हतं, मी बघत होते. पण नीट बघत होते ना? झालं, टिपाडभर पाणी मोरीत. पुन्हा भरायला घ्यावं तर नळ गेलेला. अण्णा उंबऱ्यात उभं राहून काय बोलायचे ते इथे लिहीत नाही. त्यांच्या जागी कुणीही बोललं असतं. पुढचे चार दिवस सगळ्यांनी प्यायचं काय?

गंमत म्हणजे सुरुवातीला याच गोष्टीचं कौतुक व्हायचं. "पोरगी लई स्वच्छ हाय." बोटांना भेगा पडल्या, हात कोपरापर्यंत सोलवटले, तरी आत्याला ते सोवळंच वाटायचं. पाणी पुरेनासं झालं तेव्हा कौतुक थांबलं.

आणि धुणं हा तरी दिसणारा भाग. न दिसणारा जास्त वाईट. विळीवर कांदा चिरतेय, शेजारी पुतण्या रांगतोय आणि मनात असं चित्र येतं की हात थरथरायला लागतात. सिद्धेश्वराच्या देवळात हात जोडावेत तर नेमके घाण शब्द. ओसीडीत असे विचार सर्रास येतात, फक्त कुणी बोलत नाही. ज्या गोष्टीची आपल्याला सगळ्यात जास्त किळस किंवा धास्ती, तीच मन पुढे करतं. विचार आला म्हणून माणूस तसं करायला जात नाही, उलट त्यापासून पळत सुटतो. मी विळी माळ्यावर टाकली आणि पोराला कडेवर घेणं बंद केलं. वहिनीला वाटलं, हिला माझ्या पोराचा राग येतो. तिला खरं कारण सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि तिने तरी काय समजून घ्यायचं होतं?

घरच्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं, गाणगापूरला संगमावर अंघोळ झाली. (त्या गर्दीत अंघोळ, आणि तीही माझ्यासारखीला. असो.) "रिकामं डोकं आहे, दुसरं काय," हे तर रोजचंच. सकाळी दहापासून टॉवेलच्या कारखान्यात बिलं करून डोळे दुखतात, रिकामं कुठलं? "लग्न झालं की जाईल" आणि त्याच दमात "कुणाला सांगू नको, लग्न जमायचं नाही." एकदा भावाने सगळ्यांसमोर "नाटकं" म्हटलं, त्यानंतर मी घरात हा विषय काढला नाही.

तरी त्यांना खलनायक करून मला टाळ्या नकोत. अण्णांनी उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं. त्यांच्या हिशेबात आजार म्हणजे ताप, मुतखडा, ऑपरेशन. ज्याचा एक्स-रे निघत नाही ते दुखणंच नाही.

पुढे उपचारात एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ओसीडीत घरच्यांची माया पण आजाराला खतपाणी घालू शकते. पहिली काही वर्षं आई फार समजून घ्यायची. "गॅस बंद आहे ना?" "हो गं." "नक्की?" "नक्की." दर "हो"ने दोन मिनिटं बरं वाटायचं आणि प्रश्न परत हजर. ती थकून ओरडेपर्यंत हे चालायचं. म्हणजे अगदी समजूतदार घर मिळालं तरी त्यांनाही शिकावंच लागतं. म्हणून म्हणते, घरचे नाहीत म्हणून औषध अडत नाही, थेरपी अडत नाही. अडतं ते दुसरीकडे. पैसा, सोबत, आणि आपण सकाळपासून जेवलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येणं. ते बाहेरून उभं करावं लागतं.

आता मरणाच्या विचारांबद्दल. हे दोन तऱ्हेचे असतात आणि आतून वेगळे ओळखू येतीलच असं नाही. एकात मरायचं मुळीच नसतं, पण "माझ्या हातून माझंच काही झालं तर?" ही धास्ती दिवसभर कुरतडते. तो ओसीडीचाच अवतार. दुसऱ्यात या सगळ्याचा इतका वीट येतो की खरंच संपावंसं वाटतं. मला दोन्ही होते, कधी एकाच संध्याकाळी. यातला कुठला कुठला हे स्वतःच ठरवत बसू नका. आमच्यासारख्यांसाठी ते ठरवत बसणं हाच एक नवीन चाळा होतो. आणि "हा तर नुसता ओसीडीचा विचार" म्हणून झटकूही नका. दोन्ही जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. तेही सरळ विचारतात, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने विचार वाढत नाहीत. मला तर कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून रडू फुटलं.

एका रात्री मी १४४१६ लावला होता. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. आत्ता कुठे आहेस, जवळ कोण आहे, सकाळपर्यंत कुणाकडे थांबता येईल का, एवढंच शांतपणे विचारत राहिल्या. मी आमच्या ऑफिसातल्या ताईंकडे गेले. ताई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी दार उघडलं, का आलीस विचारलं नाही, गादी घातली.

डॉक्टरांचं सांगते. सगळ्यात आधी एका खासगी दवाखान्यात एकटी गेले होते. काउंटरवर पहिला प्रश्न, "सोबत कोण आलंय?" कुणी नाही म्हटल्यावर, "घरच्यांना घेऊन या." घरचे आले असते तर मी एकटी कशाला आले असते? तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, तुम्हाला माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने उपचार घेऊ शकतो. स्वतःहून दाखल व्हायचं असेल तर नातेवाईक हजर पाहिजे अशी अट घालता येत नाही. आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा आपला हक्क आहे. आणि कलम १४ प्रमाणे आपण उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून, सही करून. तो रक्ताच्या नात्यातलाच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या कागदावर ताईंचं नाव आहे.

"पोलीस केस होईल" या भीतीनेही लोक तोंड उघडत नाहीत. नुसते विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेला माणूससुद्धा प्रचंड ताणाखाली होता असंच हा २०१७ चा कायदा धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही.

मी शेवटी आपल्या सिव्हिलला गेले. केसपेपर काढायचा, मानसोपचार ओपीडीच्या रांगेत बसायचं. ओळखीचं कुणी भेटेल अशी धाकधूक होती. भेटलं तर तेही त्याच रांगेत असणार, हे नंतर सुचलं.

गोळ्या ओसीडीत हळू काम करतात. नीट फरक कळायला आठ ते बारा आठवडे जातात आणि डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका, मनाने बंदही करू नका. तरुण वयात पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढूही शकतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सांगायचं. माझ्या गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, बिलबुकाखाली असतात. मोबाईलचा अलार्म वाजतो, त्यावर नाव आहे "जीएसटी भरणे." घरात कुणाला शंका येत नाही. जास्तीचा साठा ताईंकडे, मला एका वेळी आठवड्यापुरत्याच मिळतात. ही अट मीच घातली आहे.

थेरपीचं नाव लांबलचक आहे, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. प्रकार सोपा आणि छळवादी. पाइपचं तोंड मुद्दाम मोरीला टेकवायचं, टिपाड भरायचं आणि ओतायचं नाही. अंगाला घाम फुटतो, पोटात गोळा येतो, बसून राहायचं. धास्ती चढते आणि आपण काहीही न करता कधीतरी उतरते. पायरीपायरीने, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं, यूट्यूब बघून अघोरी प्रयोग नकोत. ताईंना पण शिकवलंय. मी "नक्की ना?" म्हटलं की त्या म्हणतात, "हा प्रश्न मी घेत नाही." राग येतो. मग हसू येतं.

आज मी बरी झाले असं म्हणणार नाही. हात अजून धुते, पण पाणी पुरतं. घरात अजून "नाटकं"च आहेत. विळी खाली आली आहे.

कमेंटमध्ये योगा, पॉझिटिव्ह थिंकिंग आणि अमुक महाराजांचा पत्ता टाकू नका, हात जोडते. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा. मी डॉक्टर नाही आणि रात्री माझा फोन बंद असतो. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका, वरचा नंबर लावा नाहीतर ११२. आणि नुसतं सिव्हिलला एकटीने जायची भीती वाटत असेल, तर पुढच्या आठवड्यात मला गोळ्या आणायला जायचंच आहे. सांगा, बरोबर रांगेत बसू.