गाठ परत आली? विमानाच्या आधी नमुन्याचा ब्लॉक पाठवा

मुलाच्या मेंदूतली गाठ परत आली की मायदेशाहून माझ्याकडे, इथे परदेशात, दोन प्रश्न येतात: ‘पुन्हा डोकं उघडायचं का?’ आणि ‘तिकडे घेऊन येऊ का?’ तोवर घरात दोन तट पडलेले असतात. काहींना वाटतं, लेकराचे आणखी हाल नकोत. काहींची खात्री असते, पहिल्या सर्जननं अर्धवट काढली म्हणूनच परत आली.

हा आरोप बऱ्याचदा अन्यायाचा असतो. एपेंडायमोमा ही मुलांमधली एक गाठ चौथ्या व्हेंट्रिकलमधून (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतून) बाहेर सरकते आणि ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला), गिळण्याच्या नसांना वेढून बसते. तिथला शेवटचा तुकडा ओढून काढला तर मुलाच्या गळ्यात श्वासासाठी आणि पोटात अन्नासाठी नळी घालावी लागू शकते. तो तुकडा विचार करूनच ठेवलेला असतो. तरीही या गाठीत मूल किती जगेल, हे सर्जरीत ती किती निघाली यावर फार अवलंबून असतं. म्हणून ती एकाच जागी परतली असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बहुधा पुन्हा रेडिएशन, असंच माझं मत राहील.

मेड्युलोब्लास्टोमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठीचं गणित वेगळं. तो मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यात उतरतो, त्यामुळे आधी पाठीचा एमआरआय हवाच. पसरलेला असेल तर एक गाठ काढून फारसं हाती लागत नाही. दृष्टीच्या नसांवरच्या सावकाश वाढणाऱ्या गाठींवर सुरी चालवण्याआधी गाठीच्या बीआरएएफ जनुकात बदल आहे का, ते तपासा. तसा बदल असून परतलेल्या गाठींसाठी टोव्होराफेनिब हे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं आहे.

शिवाय, एमआरआयवर चमकणारं सगळं गाठच असतं असं नाही. रेडिएशननंतरच्या काही महिन्यांत सूज आणि मेलेलं ऊतकही तसंच दिसतं. उलट, बऱ्याच वर्षांनी आलेली गाठ रेडिएशनमुळे झालेली नवीच असू शकते. अशा वेळी नमुना घेण्यासाठीसुद्धा पुन्हा उघडावं लागतं.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. मेंदूवरची आवरणं चिकटलेली असतात, ओळखीच्या खुणा पुसलेल्या असतात, रेडिएशन झालेली कातडी नीट भरत नाही आणि जखमेतून पाणी झिरपतं. दहा किलोच्या मुलात एकूण रक्तच साधारण ८०० मिली. २०० मिली गेलं की चौथा हिस्सा संपला.

इकडचे सर्जन काही जादूगार नाहीत. फरक पडतो तो नियमित बैठकीनं. सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले, पॅथॉलॉजिस्ट एकाच पडद्यासमोर बसून ठरवतात, आणि सर्जरीनंतर ४८ ते ७२ तासांत एमआरआय करून काय उरलं ते नोंदवतात. उशीर झाला तर जखमेचा व्रण आणि उरलेली गाठ वेगळी ओळखू येत नाही. यासाठी परदेश लागत नाही. अशी बैठक भरवणारं रुग्णालय शोधा, त्यासाठी शहर बदलावं लागलं तरी बदला.

इकडचं मत हवंच असेल, तर मुलाआधी कागद येऊ द्या: पहिल्यापासूनच्या सर्व एमआरआयच्या मूळ डिजिटल फाइल्स (फिल्मचे फोटो चालत नाहीत), शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, रेडिएशनचा डोस आणि नकाशा, गाठीच्या नमुन्याच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे). ब्लॉक मात्र सगळे एकदम कुरिअर करू नका, एक तरी मूळ प्रयोगशाळेत राहू द्या. वाटेत हरवले, तर तेवढ्या ऊतकासाठी पुन्हा डोकं उघडायची वेळ येईल.