आधी आपसांत भांडा, मग मंत्रालयात जा

राज्यपातळीवरच्या एका उद्योग-व्यापार संघटनेच्या सदस्य समितीवर मी काही वर्षं आहे. संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

नाशकात संघटनांचा दुष्काळ नाही. निमा आहे, आयमा आहे, सिन्नरची मंडळी वेगळी आहेत. रस्ता, पथदिवे, ड्रेनेज हे प्रश्न इथल्या इथे सुटतात किंवा सुटत नाहीत, पण निदान कोणाच्या दारात जायचं ते माहीत असतं. विजेचा दर, राज्याचे कर, दिल्लीच्या कायद्यातलं एखादं कलम, ही कामं राज्य संघटनेची. त्यासाठी विषयवार समित्या असतात: कर, ऊर्जा, निर्यात, कृषी प्रक्रिया, लघुउद्योग. समितीने अभ्यास करायचा, कार्यकारिणीने मंजूर करायचं, अध्यक्षांनी सरकारपुढे मांडायचं. कागदावर व्यवस्था झकास.

प्रत्यक्षात शिष्टमंडळ मुंबईला निघायच्या आदल्या रात्री निवेदन टाइप होतं. 'दिलासा मिळावा', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' अशा डझनभर मागण्या. मंत्री मान डोलावतात, अधिकारी 'तपासून घेतो' म्हणतात, बुके, फोटो, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी.

लोक याला आळस म्हणतात. मला तसं वाटत नाही. निवेदनं गुळमुळीत होतात, कारण समितीत भांडण होऊ दिलं जात नाही. आपल्याच सदस्यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देतात, हे कोणाला इतिवृत्तात नको असतं.

४५ दिवसांचंच घ्या. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. मुदत उलटून वर्षअखेरीला ते थकलेलं राहिलं, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी वजावट. अंबडला माझं प्रेस शॉप आहे. आम्ही पत्र्याचे छोटे पार्ट काढतो, सगळा माल उधारीवर जातो. मला हे कलम म्हणजे देवच पावल्यासारखं वाटलं.

बैठकीत माझ्या समोर एक होलसेलर बसले होते. त्यांनी हेच कलम पुढे ढकलण्याची मागणी आणली होती. आधी माझं डोकं तापलं. मग त्यांनी हिशेब मांडला: ते छोट्या कारखानदाराकडून माल घेतात, त्याला ४५ दिवसांत पैसे द्यायचे. त्यांचे स्वतःचे पैसे मात्र किरकोळ दुकानदारांकडे तीन-तीन, चार-चार महिने अडकलेले. आणि ते व्यापारी. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, खुली झाली, पण ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. उशिरा येणाऱ्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही. म्हणजे द्यायची घाई कायद्याने, घेताना कायदा गप्प. बोलणं खोटं नव्हतं. शेजारी एका मध्यम कंपनीचे खरेदीप्रमुख होते, त्यांचं रडगाणं तिसरंच: मध्यम उद्योगही या संरक्षणाच्या बाहेर, पैसे वरच्या मोठ्या कंपनीकडून येणार आणि ती आपल्या मर्जीने देणार.

भांडण रंगात आलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "विषय वादग्रस्त आहे, आपण सर्वसमावेशक भाषा वापरू." निवेदनात गेलं काय, तर मुदतीबाबत फेरविचार व्हावा व लघुउद्योगांचे हितही जपले जावे. दोन्ही डगरींवर हात. असा कागद वाचून सरकारी अधिकाऱ्याने नेमकं काय करावं?

गंमत पुढे आहे. बैठक संपल्यावर जिन्यात ते खरेदीप्रमुख मला म्हणाले, "ताई, तुमचे दिवस आम्ही जीआरएनपासून मोजतो. जीआरएन क्वालिटीवाले अडवून ठेवतात. पण गाडी गेटवर आली त्याची नोंद सिस्टीमला असतेच." जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची खरेदीदाराने काढलेली पावती. आमच्या धंद्यातली खरी मेख ती हीच. माल उतरतो, चलनावर गेटचा शिक्का पडतो, आणि इन्स्पेक्शनच्या नावाखाली जीआरएन दोन-तीन आठवड्यांनी निघतो. खरं तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात हे सरळ लिहिलंय: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. त्याच कायद्यात उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजही आहे. ते मागणारा पुरवठादार मी पाहिला नाही. मागेल त्याची पुढची ऑर्डर गेली. ४३बी(एच) नवीन होतं तेव्हा 'उद्यम नोंदणी परत करा, मग बघू' असं तोंडी सुचवणारे खरेदीदारही भेटले.

एकट्याने तक्रार करता येत नाही, म्हणून तर संघटना. गेटची तारीख हीच मोजणीची तारीख, एवढं जरी समितीने मोठ्या सदस्यांकडून मान्य करून घेतलं असतं, तरी त्यासाठी मुंबईला जायचीही गरज नव्हती. आणि व्यापाऱ्यांना संरक्षणात घ्या, ही दुसरी मागणी आम्ही तिघांनी मिळून केली असती. दोन्ही गोष्टी भांडणातून निघाल्या, पण इतिवृत्तात एकही नाही.

कोणी म्हणेल, एकजूट महत्त्वाची, एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक संस्था कर, एकजुटीनेच गेला ना? गेला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी रद्द झाला, आणि राज्यभरच्या व्यापारी संघटनांचं ते यशच. पण तिथे दुकानदार आणि कारखानदार एकाच बाजूला होते. महापालिकांच्या भरपाईचा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडला, कुठल्या सदस्यावर नाही. तशी सोपी लढाई क्वचित मिळते. ५० कोटींच्या वरचे मात्र पुढे जीएसटी येईपर्यंत भरत राहिले. त्यांना त्या वेळी काय वाटलं, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

कांद्यावर तर बोलूच नये अशी स्थिती. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शेतकरी आणि निर्यातदार एका सुरात ओरडतात, ते रास्तच आहे. पण त्याच सभागृहात कांदा वाळवून पावडर करणारा कारखानदारही बसलेला असतो, आणि कच्चा माल स्वस्त झाला की त्याचं गणित जमतं. तो बैठकीत मान खाली घालून चहा पितो. त्याला बोलतं करा. बाजार उघडा ठेवूनही त्याच्या धंद्याला काय लागेल ते तो सांगेल, आणि निवेदनाला वजन येईल.

आता थोडं सदस्यांबद्दलही, म्हणजे आपल्याबद्दल. वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दर ठरण्याआधी जाहीर सूचना निघते, वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. तिथे भाषण चालत नाही, आकडे चालतात. ऊर्जा समितीने सदस्यांकडे वर्षभराची बिलं मागितली, तर आली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर 'लूट चाललीय, संघटना झोपलीय' असे मेसेज मात्र धो धो. त्यातही रात्री भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीवाल्याला रात्रीची सवलत हवी, माझ्यासारख्या एका शिफ्टवालीला दुपारची. दोघांची बिलं शेजारी ठेवल्याशिवाय समितीने मागायचं तरी काय?

म्हणून कार्यकारिणीकडे मी लेखी प्रस्ताव दिलाय. प्रत्येक निवेदनासोबत एक पान जोडायचं: या मागणीने आपल्यापैकी कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, आणि विरोध कोणी केला. विरोधी मत नावानिशी इतिवृत्तात. खरेदीदार कंपनीचा माणूस लघुउद्योग समितीचा अध्यक्ष नको, सदस्य जरूर असावा. एका पदाधिकाऱ्यांनी फोन करून सांगितलं, "हे पान सरकारच्या हाती लागलं तर आपल्यातच फूट आहे असं दिसेल." अहो साहेब, सरकारला ते आधीपासून माहीत आहे. आपण गेल्यावर तासाभराने त्याच केबिनमध्ये आपलेच दुसरे सदस्य वेगळं पत्र घेऊन जातात.

प्रस्ताव पुढच्या बैठकीत चर्चेला आहे. विरोधात असाल तर याच, नुसतं इथे खाली लिहू नका. आणि वीजबिलं अजून द्यायची राहिली असतील तर ग्राहक क्रमांक झाकून समितीच्या सचिवांकडे पाठवा, मला नको. बाराही महिन्यांची हवीत, फक्त मे महिन्याचं जास्त आलेलं एकटं बिल नको.