बिडाची घंटा अष्टधातूची होत नाही

मराठवाड्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गावातल्या जुन्या शाळेत, गढीत किंवा मळ्यात काळी पडलेली घंटा असेल तर तिला लोहचुंबक लावावा, तो चिकटला की घंटा निजामाच्या काळातली, अष्टधातूची समजावी, तिच्यावरचा आकडा म्हणजे ओतल्याचे साल किंवा वजन, आणि घासून चकचकीत केली की परदेशातून लाखांची मागणी येते. हे मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत, कारण या मजकुरावर विसंबून घंटा उतरवली आणि घासली, तर तिची ओळख पटवणाऱ्या बऱ्याचशा खुणा कायमच्या जातात.

लोहचुंबकाची कसोटी उत्तम आहे. फक्त निष्कर्ष उलटा काढला आहे. देवळातली घंटा परंपरेने काशाची, म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील अशा मिश्रणाची असते आणि तिला लोहचुंबक चिकटत नाही. अष्टधातूच्या यादीत लोखंडाचे नाव असते हे खरे. पण तांबे मुख्य असलेल्या ओतकामाला लोहचुंबक घट्ट धरून बसत नाही. ज्या घंटेला तो घट्ट बसतो ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, किंवा पोलादाची. खात्रीसाठी घंटा खरवडण्याचीही गरज नाही: लोलक जिथे आपटतो तिथे काठाच्या आतल्या बाजूचा रंग उडालेला असतो, तिथे बॅटरीचा उजेड टाकला की धातू राखाडी आहे की पिवळसर, हे दिसते. आवाजही साक्ष देतो. बिडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात, आणि हे पापुद्रे कंप शोषून घेत असल्यामुळे टोल मोठा पडला तरी त्याचा नाद काशासारखा रेंगाळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मजकूर सर्वांत जास्त घसरतो. ओहायोतल्या हिल्सबरो गावच्या सी. एस. बेल कंपनीसारख्या अमेरिकी कारखान्यांच्या शेतघंटांवर १ ते ४ असे क्रमांक आढळतात. ते आकाराचे आहेत. मोठ्या घंटांवर २४ किंवा ३० असा आकडा असेल तर तो बहुधा काठाचा इंचांतला व्यास असतो, आणि टेप लावून अर्ध्या मिनिटात ते पडताळता येते. टांगणीच्या आडव्या दांड्यावर उठावात साल असले, तरी ते साच्याचे किंवा पेटंटचे असू शकते, आणि एकाच साच्यातून वर्षानुवर्षे ओतकाम होत असे. याउलट शेफील्डच्या नेलर-व्हिकर्स कंपनीच्या पोलादी घंटांवर कंपनीचे नाव, ‘कास्ट स्टील’ हे शब्द, क्रमांक आणि साल असे सगळे असते. तिथे सालावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसता सुटा आकडा मात्र काहीच सिद्ध करत नाही.

‘निजामाच्या काळातली’ या शब्दांनी तर काळही ठरत नाही, कारण ती राजवट १७२४ पासून सप्टेंबर १९४८ पर्यंत चालली. जालन्याची छावणी, मिशनऱ्यांच्या शाळा, मनमाड-सिकंदराबाद रेल्वे यांपैकी कोणत्याही वाटेने परदेशी घंटा इकडे येऊ शकली असेल, पण एखादी विशिष्ट घंटा तशी आली, असे म्हणायला कागद हवा. शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही (डेडस्टॉक रजिस्टर) उघडून पाहण्याचे कष्ट हा मजकूर कोणालाच सांगत नाही. काही ठिकाणी त्याला ‘चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली’ अशी पुरवणीही जोडली जाते. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेल्या घंटा, उदाहरणार्थ नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, काशाच्या आहेत, बिडाच्या नाहीत.

घासण्याचा सल्ला सरळ चुकीचा आहे. पॉलिश-चाकाखाली उठावाची अक्षरे झिजतात आणि मूळ रंग जातो. उघडे बीड पहिल्याच पावसात पुन्हा तांबूस गंजते.

राहिली किंमत. बिडाची मोड किलोला दोन आकडी रुपयांत जाते, काशाची तीन आकडी. धातूचा गोंधळ महाग पडतो तो इथे. मोडीच्या वर जे मिळते ते कारखान्याचे नाव, आकार, मूळ लोलक, दांडा व टांगणीचे खांब यांचे, आणि घंटा अभंग असण्याचे. तडा शोधायला काठावर रॉकेल लावून दहा मिनिटांनी कोरडे पुसावे आणि खडू घासावा. केसासारखी फट असेल तर तिच्यातून झिरपलेल्या रॉकेलची ओली रेघ खडूवर उमटते. बिडाला साधी वेल्डिंग मानवत नाही, शेजारीच नवा तडा जातो, म्हणून तडकलेल्या घंटेची किंमत जवळजवळ मोडीवर येते. संकेतस्थळांवर दिसणारे लाखांचे आकडे विक्रेत्यांनी मागितलेले असतात, कोणी मोजलेले नव्हे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि तशी ठरल्यास खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. म्हणजे मजकुराचा जुनेपणाचा दावा खरा ठरला, तर त्याचे परदेशी गिऱ्हाईक तिथेच बाद होते.