शब्द मोजून लाउरेन्सिया कळत नाही

‘संगणकाने स्पेनच्या सुवर्णयुगातल्या (सोळावं-सतरावं शतक) नाटकांचे शब्द मोजले. पुरुषच जास्त बोलतात. म्हणजे त्यातल्या बायका नुसत्या शोभेच्या बाहुल्या, तोंडी घरगुती शब्द घातलेल्या.’ हा दावा सध्या जोरात फिरतोय. पुरुषांचे शब्द जास्त भरतात, हे मान्य. निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे.

बेरजेचं आधी. या नाटकांत राजा, शिपाई, नोकर अशी पुरुषपात्रंच ढीगभर असतात; बेरीज त्यांच्याकडे झुकणारच. नायिकेचे शब्द नायकाच्या शब्दांशेजारी ठेवा, मग बोलू.

‘घरगुती शब्दां’चं म्हणाल, तर नाटककार लोपे दे वेगाच्या ‘फुएन्ते ओवेहुना’चा (१६१९) तिसरा अंक उघडा. कोमेन्दादोरने, म्हणजे गावावर हुकूम चालवणाऱ्या सरदाराने, भर लग्नातून उचलून नेलेली लाउरेन्सिया कशीबशी सुटून, केस विस्कटलेल्या अवस्थेत गावच्या पुरुषांच्या बैठकीत शिरते. बाप समोर बसलेला. ती त्यांना कोंबड्या म्हणते. तलवारी कशाला लटकवता, कमरेला सूत कातायचं सामान खोचा, म्हणते. यातला ‘रुएका’ हा सूतकताईचा शब्द ठरीव यादीवर चालणारा प्रोग्रॅम बिनदिक्कत घरकामाच्या खात्यात टाकेल. पण हेच बोल ऐकून गाव शस्त्र उचलतं! शब्द कुणाचा एवढंच नोंदवून भागत नाही. तो कुणाला आणि कशासाठी सुनावला, हेही पाहावं लागतं.

पात्रापुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी एकच खूण करून मोजणं हा तर मुळातलाच घोळ. त्याच काळातल्या काल्देरोनच्या ‘ला विदा एस सुएन्यो’ या नाटकातली (१६३६) रोसाउरा पहिल्या अंकात पुरुषवेशात येते, दुसऱ्यात स्त्री म्हणून, आणि तिसऱ्यात बाईच्या पोशाखावर तलवार-खंजीर लावून. ती स्वतःच नाटकाचा नायक, राजपुत्र सेखिस्मुंदोला या तीन रूपांचा हिशेब देते. तिन्ही अंकांतले तिचे शब्द एकाच खात्यात ओतले, तर तिची भाषा वेशाबरोबर बदलते का, हा खरा प्रश्नच पुसला जातो. संगणक तो उत्तम सोडवू शकतो. अंकवार, वेशवार खुणा करायची मेहनत तेवढी आपण घ्यायला हवी.

‘सगळं पुरुषांनीच लिहिलं, पुरुषांनीच केलं’ हेही खोटं. स्पेनमध्ये १५८७ सालीच स्त्रियांना रंगमंचावर उभं राहायची परवानगी मिळाली. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर त्यासाठी १६६० उजाडावं लागलं. आणि त्याच सुवर्णयुगात आना कारो ही बाई नाटकं लिहीत होती. तिची नायिका लेओनोर फसवणाऱ्या प्रियकराचा माग काढत, पुरुषवेशात ‘लेओनार्दो’ बनून, सेव्हिल्याहून थेट ब्रसेल्सला पोचते.