‘ॲपडेटा म्हणजे कचरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मंगळवारी दुपारी चोपड्याहून ताईचा फोन आला. “बापू, पोऱ्या सकायपाईन जेवना नही. कॉम्प्युटरमोरे बशीसन रडी राहिना.”

भाचा सातवीत आहे. शाळेची सहल पारोळ्याला जाऊन आली, तेव्हापासून तो माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये तिथला भुईकोट किल्ला बांधत होता. खंदक, बुरुज, दरवाजा, एकेक ठोकळा हातानं लावलेला. मला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवायचा, ‘मामा, आज हा बुरुज झाला.’ तो किल्ला गेला. कारण क्लासच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला, म्हणून हे लिहितोय. अमळनेरात पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, रोज हेच निस्तरतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गेम सी ड्राइव्हवर कधीच टाकू नका, कॉम्प्युटर स्लो होतो. ॲपडेटा नावाचा लपवलेला फोल्डर हा नुसता कचरा आहे, शिफ्ट दाबून डिलीट करा, वीस-तीस जीबी मोकळे होतील. गेम डी ड्राइव्हवर असला की सेव्हही (खेळाची साठवलेली प्रगती) तिथंच राहतो, मग सी बिनधास्त फॉरमॅट मारा. प्रत्येक गेम कायम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं चालवा. आणि शेवटी, जो गेम आपल्या फोल्डरबाहेर फाइली ठेवतो तो बनवणाऱ्यांना अक्कल नाही.

आधी ॲपडेटा घेतो, कारण नुकसान त्यानं केलं.

सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा. हा विंडोजनं प्रत्येक वापरणाऱ्यासाठी स्वतः बनवलेला फोल्डर आहे. लपवलाय तो चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून. आत तीन खण असतात: लोकल, लोकललो आणि रोमिंग. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आपली सगळी जगं रोमिंगमधल्या ‘डॉट माइनक्राफ्ट’ फोल्डरात, सेव्ह्ज या फोल्डराखाली ठेवते. स्टारड्यू व्हॅली या गेममधलं शेतही रोमिंगमध्येच असतं. युनिटी इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर, बनलेले गेम साधारणपणे लोकललोमध्ये लिहितात, कारण युनिटीच बनवणाऱ्याला सेव्हसाठी तो पत्ता काढून देते. हॉलो नाइट या गेमचे सेव्ह तिथंच सापडतात. म्हणजे ज्याला हा मेसेज कचरा म्हणतो, तिथं पोरांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत पडलेली असते.

संध्याकाळी चोपड्याला पोचलो. भाच्यानं गेम उघडून दाखवला. सिंगलप्लेअर दाबलं की जुन्या जगांच्या यादीऐवजी थेट नवीन जग बनवायचा पडदा समोर येत होता. डिलीट करताना विंडोजनं ‘ही फाइल वापरात आहे’ असं बऱ्याचदा सांगितलं होतं. तेही मेसेजमध्ये होतं, ‘स्किप करा आणि पुढे चला’. त्यामुळे उघड्या असलेल्या काही फाइली बचावल्या आणि बंद असलेला गेम पूर्ण गेला. रीसायकल बिन रिकामा, कारण शिफ्ट दाबलेलं. वर डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी, न फिरणारी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं की निदान काहीतरी हाती लागायचं. एसएसडीवर फाइल डिलीट झाली की विंडोज ट्रिम नावाची आज्ञा पाठवून ती जागा आता लागत नाही असं डिस्कला कळवते आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. रात्री साडेअकरापर्यंत बसलो. किल्ल्याची एक फाइल निघाली नाही.

नुकसान गेमपुरतं थांबलं नाही. क्रोमसुद्धा आपलं सगळं ॲपडेटातल्या लोकलमध्येच ठेवतो. दाजींचं खतांचं दुकान आहे. त्यांचे सगळे बुकमार्क आणि ब्राउझरमध्ये ठेवलेले पासवर्ड गेले, कारण घरात सगळे एकाच नावानं लॉगिन करतात.

यात खरं एवढंच, की ॲपडेटात कचराही साठतो. लोकलमध्ये टेम्प नावाचा फोल्डर असतो, ब्राउझरची कॅश, म्हणजे पुन्हा बनवता येणाऱ्या तात्पुरत्या फाइली, असते, ग्राफिक्स कार्डाची शेडर कॅश असते. ती जागा सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्सवर क्लिक केलं की सुरक्षित मोकळी होते. तिथली यादी मात्र वाचून खुणा करा, डाउनलोड्सचा फोल्डरही त्यात दिसतो.

आता डी ड्राइव्हवरचे सेव्ह. हा मुद्दा वाचून किती जणांनी सी फॉरमॅट केला असेल, विचार करवत नाही. गेम डी वर टाकला तरी त्याचा सेव्ह बहुतेक वेळा सी वर, तुमच्या नावाच्या फोल्डरातच जातो. जीटीए व्हाइस सिटी कुठंही टाका, तो डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ नावाचा फोल्डर करणार. स्कायरिमचे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये असतात. फॉरमॅट मारण्याआधी पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर गेमचं नाव शोधा. बहुतेक गेमच्या पानावर सेव्हचा नेमका पत्ता दिलेला असतो. दोन मिनिटांचं काम आहे.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे प्रोग्रामला कॉम्प्युटरवरचे सगळे अधिकार देऊन चालवणं, हे तर धोक्याचं आहे. यामागचं कारण कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर होते आणि गेम आपल्याच फोल्डरात, प्रोग्राम फाइल्समध्ये, सेव्ह लिहायचे. 2007 साली पुढची विंडोज, व्हिस्टा, घरोघरी आली आणि प्रोग्राम फाइल्सला कुलूप लागलं: वाचा, चालवा, पण परवानगीशिवाय लिहायचं नाही. जुने गेम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक सोय केली. असा गेम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की ती फाइल गुपचूप ॲपडेटातल्या लोकलमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवली जाते. गेमला वाटतं, आपल्याच घरात लिहिलं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या तांत्रिक कागदपत्रांत हे स्पष्ट दिलंय. ही तात्पुरती सोय आहे, 64 बिटच्या प्रोग्रामांना ती मिळत नाही आणि नव्या प्रोग्रामांनी तिच्यावर विसंबू नये, हेही तिथंच आहे. आता तोच जुना गेम तुम्ही एक दिवस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलात, तर ही वळवणी बंद होते आणि गेम खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये सेव्ह शोधतो. तिथं काही नसतं. पोरगं म्हणतं सेव्ह उडाले. ते व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तसेच पडलेले असतात.

आणि आपल्याकडे गेम येतात कुठून, तेही माहीत आहे सगळ्यांना. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला, क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून चोरलेला, गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या देणं. नीट बनवलेल्या गेमला रोज चालायला ही परवानगी लागत नाही. तो बसवताना एकदा लागली तर लागते.

‘सी ड्राइव्हवर टाकला की स्लो’ याबद्दल फार लिहीत नाही. सी काठोकाठ भरला तर विंडोज अडखळते, हे खरं. पण घरातल्या पुष्कळ कॉम्प्युटरांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशनं, म्हणजे दोन भाग, असतात, तिथं वेगात फरक पडत नाही. सी एसएसडी आणि डी जुनी हार्ड डिस्क असेल तर गेम डी वर टाकल्यानं तो उघडायला जास्तच वेळ लागेल. जागा कमी पडत असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करून गेम हलवता येतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि इथं मेसेजवाल्याचं थोडं ऐकावं लागतं. गेमवाल्यांनी पसारा केलाय, खरंच. मायक्रोसॉफ्टनं व्हिस्टापासून प्रत्येकाच्या नावाखाली ‘सेव्ह्ड गेम्स’ नावाचा स्वतंत्र फोल्डर दिला, खास याच कामासाठी. तरी कोणी डॉक्युमेंट्समध्ये लिहितं, कोणी माय गेम्समध्ये, कोणी रोमिंगमध्ये. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेलं असेल तर तिथली फुकटची 5 जीबी जागाही गेमच खातात. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या दुसऱ्या सिस्टिमवर, यासाठी एक्सडीजी नावाचा ठरलेला नियम आहे: सेटिंग एकीकडे, सेव्ह दुसरीकडे, कॅश तिसरीकडे. तिथंही सगळे गेम तो पाळत नाहीत.

पण यावर सगळं गेमच्याच फोल्डरात कोंबणं हा उपाय नाही. गेम पुन्हा डाउनलोड होतो, गेलेला सेव्ह होत नाही. खळ्यातली अवजारं आणि घरातला सातबारा आपण एका पेटीत ठेवत नाही. शिवाय एका कॉम्प्युटरवर भाऊ-बहीण दोघं खेळत असतील, तर वेगवेगळ्या नावानं लॉगिन केल्यावर ज्याचा सेव्ह त्याच्याकडे राहतो, तो केवळ या वेगळ्या जागेमुळे. ताईकडे त्याच रात्री तीन खाती करून दिली.

तुम्ही शिफ्ट न दाबता डिलीट केलं असेल तर आधी रीसायकल बिन उघडा. फोल्डरावर राइट क्लिक करून रिस्टोअर म्हणा, तो होता तिथं परत जातो. स्टीमवरचा गेम असेल आणि त्याला क्लाउडची, म्हणजे सेव्ह इंटरनेटवर जपण्याची, सोय असेल, तर गेम सुरू करताना ‘या कॉम्प्युटरवरचा सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा’ असा प्रश्न येऊ शकतो. घाईनं दाबू नका. तारीख बघा आणि क्लाउडवरचा निवडा. उलटं दाबलंत तर क्लाउडवरचाही जाईल.